डोळे बनवणारा तो म्हातारा कोण? जेम्स हाँगबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी एकाच माणसाबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हे सदर पूर्ण त्यालाच देतोय. निम्म्या पत्रांत तर त्याचं नावच नाही, "तो चिनी म्हातारा", "पांडाच्या बापाचा आवाज", "साइनफेल्डमधला हॉटेलवाला" असंच लिहिलंय, आणि सगळे एकाच माणसाबद्दल विचारतायत हे त्यांना माहीतच नाही. नाव आहे जेम्स हाँग. माझा अतिशय लाडका नट, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर समजून घ्या.

प्रश्न: 'ब्लेड रनर' पहिल्यांदाच पाहिला. त्यात बर्फासारख्या थंड खोलीत बसून डोळे बनवणारा एक म्हातारा आहे. चेहरा खूप ओळखीचा वाटला पण कुठे पाहिलाय ते आठवेना. कोण आहे?

हेच ते हाँग. त्या पात्राचं नाव हॅनिबल च्यू. तुम्ही त्यांना म्हातारा म्हणताय, पण १९८२ साली ते ५३ वर्षांचे होते. त्याआधी 'चायनाटाउन'मध्ये फे डनवेच्या बंगल्याचं दार उघडणारा नोकर कान त्यांनीच केला होता, आणि नंतर 'बिग ट्रबल इन लिटल चायना'मधला जादूगार लो पॅन, 'वेन्स वर्ल्ड २'मधला हिरॉइनचा बाप, 'मुलान'मधला तो कुरकुऱ्या राजमंत्री, सगळे हेच. त्यामुळे चेहरा नाहीतर आवाज, काहीतरी ओळखीचं वाटणारच.

त्या सीनबद्दल थोडं सांगतोच, कारण मी तो कितीतरी वेळा परत परत पाहिलाय. च्यू एकटाच काम करत बसलाय, अंगावर फरचा भलामोठा कोट, त्याला मागून नळ्या जोडलेल्या, श्वासाची वाफ दिसतेय, आणि स्वतःच्या कामात इतका खुश की दोघं जण आत आलीत, म्हणजे कारखान्यात बनवलेली कृत्रिम माणसं, हे त्याला आधी कळतच नाही. मग त्यातला एक उघड्या हाताने ते गोठवणारं पाणी ढवळतो आणि कोटाच्या नळ्या उपटतो. आता हाँग यांनी काय केलंय ते बघा. आधी चिडतात, अनोळखी माणूस आपल्या खोलीत शिरल्यावर कारागीर चिडेल तसे, मग थंडी अंगात शिरते आणि चिडण्याची जागा भीती घेते, आवाज बारीक होत जातो, मला यातलं काही माहीत नाही मी फक्त डोळे बनवतो असं म्हणतात. आणि एवढ्या भीतीतही, समोरचा आपणच बनवलेल्या डोळ्यांनी आपल्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर त्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान येतो! मरणाच्या दारात उभ्या कारागिराला स्वतःच्या कामाचा अभिमान. अख्ख्या सिनेमात या माणसाला काही मिनिटंच मिळालीत.

प्रश्न: कॅरेक्टर अ‍ॅक्टर आणि सहायक अभिनेता यात फरक काय? दोन्ही एकच का?

एकच नाहीत. सहायक हे त्या सिनेमातलं स्थान झालं, म्हणजे एखादा मोठा स्टारसुद्धा एका सिनेमात सहायक भूमिका करू शकतो आणि पुढच्या सिनेमात परत हिरो होतो. कॅरेक्टर अ‍ॅक्टर हा मात्र आयुष्यभराचा धंदा आहे. वकील, हवालदार, दुकानदार, शेजारी, खुनी, न्यायाधीश अशा माणसांनी सिनेमातलं जग भरलेलं असतं आणि ती माणसं उभी करणारे हे लोक. पडद्यावर आल्या आल्या आपल्याला वाटलं पाहिजे की हा माणूस सिनेमा सुरू व्हायच्या आधीपासून तिथेच राहतोय.

अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांनी यावर एक नियमच केला होता, की हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श यांच्यापैकी कुणीही सहायक भूमिकेत असेल तर तो सिनेमा पूर्ण वाईट असूच शकत नाही. त्यातले वॉल्श 'ब्लेड रनर'मध्येच पोलीस कॅप्टन आहेत. माझं मत विचाराल तर त्या नियमात तिसरं नाव हाँग यांचं घालायला हरकत नव्हती.

प्रश्न: हाँग आधी इंजिनियर होते असं ऐकलं, खरं आहे का?

एकदम खरं. जन्म २२ फेब्रुवारी १९२९, मिनियापोलिस, वडिलांचं जडीबुटीचं दुकान. लहानपणीची काही वर्षं हाँगकाँगमध्ये गेली आणि मग परत अमेरिकेत. कॉलेजला सिव्हिल इंजिनियरिंग घेतलं, मिनेसोटात सुरू केलं आणि लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात पूर्ण केलं, मग लॉस एंजेलिस काउंटीत रस्ते बांधणाऱ्या खात्यात नोकरी. घरच्यांच्या दृष्टीने पोरगं मार्गी लागलं होतं.

पण या पोराला नकलांचा नाद. १९५४ साली प्रसिद्ध विनोदी नट ग्राउचो मार्क्सच्या टीव्ही शोमध्ये जाऊन त्यांनी खुद्द ग्राउचोसमोर ग्राउचोचीच नक्कल केली, वर जेम्स स्टुअर्ट वगैरे मंडळींच्याही केल्या, आणि ती लोकांना इतकी आवडली की पत्रांचा ढीग आला. त्यातून एजंट मिळाला. लगेच १९५५ ला 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून', समोर कोण तर त्या काळचा मोठा स्टार क्लार्क गेबल! सुरुवातीला नोकरी सांभाळून, सुट्ट्या टाकून शूटिंग करायचे, पुढे ते जमेना तेव्हा नोकरी सोडली. त्या काळात चिनी चेहऱ्याच्या नटाला हॉलिवूडमध्ये किती आणि कसलं काम मिळायचं ते बघता सरकारी पगार सोडायचा हा निर्णय छातीचाच म्हणायचा.

प्रश्न: साडेचारशेच्या वर भूमिका असं वाचलं. हा आकडा पटत नाही. एका माणसाला कसं शक्य आहे?

पटत नाही हे समजू शकतो, आणि काही ठिकाणी तर सहाशेच्या वर असा आकडा दिलेला असतो, कशाकशाला मोजायचं यावर ते अवलंबून. पण हिशोब बघा. १९५०-६० च्या काळात अमेरिकन टीव्हीवर एका सीरियलच्या सीझनला ३९ एपिसोड असणं सर्रास होतं. प्रत्येक एपिसोडची गोष्ट नवी, म्हणजे प्रत्येक एपिसोडला नवीन साक्षीदार, नवीन चोर, नवीन डॉक्टर लागणार. मुख्य पात्रं तीच, बाकीची बाहेरून बोलवायची. एपिसोड आठवड्याभरात उरकायचा आणि पाहुण्या नटाचं काम त्यातल्या दोन-तीन दिवसांत. असं वर्षभर फिरत राहिलं की वर्षाला आठ-दहा भूमिका सहज होतात, आणि हाँग हे सत्तरच्या आसपास वर्षं करतायत.

'पेरी मेसन', 'हवाई फाइव्ह-ओ' अशा कितीतरी सीरियल्समध्ये ते दिसतात, आणि सत्तरच्या दशकातल्या 'कुंग फू'मध्ये तर दर काही एपिसोडनंतर वेगळं नाव, वेगळे कपडे, वेगळा माणूस बनून परत हजर. शिवाय डबिंग. १९५६ साली जपानी गॉडझिला अमेरिकेत इंग्रजीत आला तेव्हा त्यातल्या पात्रांना आवाज देणाऱ्यांत हाँग होते. नंतर कार्टून, व्हिडिओ गेम, सगळीकडे आवाज. मध्येच 'एअरप्लेन'सारख्या धमाल सिनेमात हिरोची रडकहाणी ऐकून कंटाळलेला जपानी जनरल. 'द व्हिनयार्ड' सारखा हॉररपट तर एका जोडीदाराबरोबर स्वतः दिग्दर्शित केला आणि प्रमुख भूमिकाही केली. काम आलं की करायचं, छोटं की मोठं बघायचं नाही, आणि केलं की हातचं राखून करायचं नाही.

प्रश्न: मी तुमच्याशी सहमत होणार नाही बहुतेक. नोकर, लाँड्रीवाला, गुंड, वेटर, तुटकं इंग्रजी बोलणारे चिनी, हेच तर केलं त्यांनी. अशा भूमिकांना नाही म्हणायला हवं होतं ना? आशियाई लोकांची हीच प्रतिमा पक्की करण्यात त्यांचाही हात नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला आणि तो टाळून हाँग यांच्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही.

आधी परिस्थिती काय होती ते. १९३७ साली चिनी शेतकऱ्यांच्या जीवनावर 'द गुड अर्थ' नावाचा मोठा सिनेमा आला, त्यात नवरा-बायको दोघंही गोरे, पॉल म्युनी आणि लुईझ रेनर, मेकअप करून चिनी केलेले. अ‍ॅना मे वाँगसारखी खरी चिनी-अमेरिकन स्टार तेव्हा होती, तिला मुख्य भूमिका मिळाली नाही, आणि रेनरला त्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. त्याच्या वीस वर्षांनंतरही फार बदललं नव्हतं. १९५७ मध्ये हाँग यांना चार्ली चॅनवरच्या सीरियलमध्ये चॅनच्या थोरल्या मुलाचं काम मिळालं, सीरियल चिनी डिटेक्टिव्हची, मुलगा चिनी, पण बाप कोण तर जे. कॅरोल नेश, आयरिश वंशाचा गोरा नट. म्हणजे रोज सेटवर जायचं आणि डोळ्यांना मेकअप केलेल्या गोऱ्या माणसाला पडद्यावर बाबा म्हणायचं. तो माणूस ते कसं सहन करत असेल याचा मी बरेचदा विचार करतो.

आता नाही म्हणायचं तर कशाला? चांगल्या भूमिका बाजूला ठेवून वाईट घेतल्या असं झालेलं नाही, चांगल्या भूमिका नव्हत्याच. एक नाही म्हणाला की दुसरा उभा, नाहीतर परत एखादा गोरा नट मेकअप करून. हाँग यांनी स्वतः अनेक मुलाखतींत हे मोकळेपणाने सांगितलंय की मिळत होत्या त्या भूमिका साचेबद्धच होत्या.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९६५ मध्ये हाँग, माको, ब्यूला क्वो, सून-टेक ओ आणि आणखी काही जणांनी मिळून लॉस एंजेलिसमध्ये 'ईस्ट वेस्ट प्लेयर्स' ही नाटक कंपनी काढली. नऊ जण होते. पहिलं नाटक 'राशोमोन', आणि सुरुवातीची जागा म्हणजे एका चर्चचं तळघर. हेतू अगदी सरळ, की सिनेमावाले देत नाहीत तर राजा, प्रेमी, कवी, खलनायक, सगळ्या भूमिका आम्ही आमच्या रंगमंचावर करू, आणि आमची पोरं तिथे तयार होतील. ती कंपनी आजही चालू आहे आणि आशियाई-अमेरिकन नटांच्या कितीतरी पिढ्या तिथून गेल्यात. दिवसा टीव्हीवर नोकराचं काम करून पोट भरायचं आणि संध्याकाळी तळघरात स्वतःचं नाटक उभं करायचं, हे दोन्ही एकच माणूस करत होता. त्यामुळे फक्त पडद्यावरच्या भूमिकांची यादी बघून त्यांचा हिशोब लावला तर तो अर्धाच राहतो.

आणि त्या नोकरांच्या भूमिकाही परत एकदा नीट बघा अशी विनंती. 'चायनाटाउन'मधला कान घ्या. डायलॉग नावापुरते. पण शेवटाकडे डनवेला थपडा बसतात त्या प्रसिद्ध सीनमध्ये आवाज ऐकून कान जिन्यावरून धावत खाली येतो, आणि ती त्याला परत वर पाठवते, वरच्या मुलीला सांभाळ म्हणून. तो थांबतो, बघतो, जातो. तेवढ्यात कळतं की या घरातलं ते भयंकर गुपित निकल्सनच्या डिटेक्टिव्हच्या कितीतरी आधीपासून या माणसाला माहीत आहे आणि तो ते सांभाळत आलाय. कागदावर तो बटलर होता. पडद्यावर घरातला माणूस आहे.

तुमचा आक्षेप चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. त्या भूमिकांनी लोकांच्या मनात एक ठरावीक चित्र बसलं, नुकसान झालं, हे खरंच आहे. फक्त त्याचा जाब ती भूमिका लिहिणाऱ्यांना आणि पैसे लावणाऱ्यांना आधी विचारावा असं मला वाटतं.

प्रश्न: 'बिग ट्रबल इन लिटल चायना'मध्ये व्हीलचेअरवरचा जख्ख म्हातारा आणि तो उंच भुतासारखा जादूगार, दोन्ही हाँगच का?

दोन्ही तेच, म्हाताऱ्यासाठी चेहऱ्यावर जाड मेकअप चढवलाय. १९८६ ला थिएटरमध्ये सिनेमा आपटला, पण पुढे व्हिडिओवर लोकांनी तो डोक्यावर घेतला.

प्रश्न: या लोकांना पैसे मिळतात का नीट? का नुसतंच कौतुक?

स्टारसारखे अर्थातच नाही. दिवसाच्या किंवा आठवड्याच्या हिशोबाने मानधन, आणि युनियनने ठरवलेला किमान दर. पण अमेरिकेत एक गोष्ट आहे जिच्यामुळे असे नट टिकून राहतात, ती म्हणजे रेसिड्युअल. सिनेमा किंवा एपिसोड पुन्हा दाखवला की नटाला पुन्हा थोडे पैसे. हे कुणी आपणहून दिलेलं नाही, १९६० साली नटांच्या युनियनने संप केला, तेव्हा युनियनचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच, आणि त्या संपानंतर सिनेमे टीव्हीवर दाखवल्याचे पैसे नटांना मिळायला लागले. पेन्शन आणि आरोग्य विम्याचीही सोय तेव्हाच झाली. स्टारला याने फारसा फरक पडत नाही हो, पण वर्षाला आठ-दहा छोटी कामं करणाऱ्याच्या घरी जुन्या कामाचे चेक अधूनमधून येत राहिले तर मधले कोरडे महिने निघतात. स्ट्रीमिंग आल्यावर हेच पैसे आटले म्हणून २०२३ मध्ये नट परत संपावर गेले, ११८ दिवस.

प्रश्न: माझी मुलगी ७ वर्षांची आहे. तिला विचारायचंय की 'कुंग फू पांडा' या कार्टून सिनेमातल्या पांडाचे, म्हणजे पोचे, बाबा बदक कसे?

तिला सांगा की ते हंसासारखे आहेत, गूज, मिस्टर पिंग, आणि त्यांना पो एका मुळ्यांच्या पेटीत सापडला. ते नूडल्सचं दुकान चालवतात आणि पोरानेही तेच करावं असं त्यांना वाटतं. २००८ पासून २०२४ पर्यंत चारही सिनेमांत आवाज हाँग यांचाच आहे. दुसऱ्या भागात पोला खरं काय ते सांगतानाचा तो सीन आहे ना, तो डोळे मिटून ऐका एकदा. नुसत्या आवाजात बापाची भीती कळते, की आता हा आपल्याला सोडून जाईल.

प्रश्न: इतकं काम करून हॉलिवूडच्या वॉक ऑफ फेमवर, म्हणजे जिथे फुटपाथवर कलाकारांच्या नावाचे तारे बसवतात तिथे, त्यांचा तारा ९३ व्या वर्षी बसवला. इतका उशीर का?

कारण तो तारा आपोआप मिळत नाही. कुणीतरी नाव सुचवावं लागतं, ते मंजूर व्हावं लागतं आणि मग फी भरावी लागते. मोठ्या स्टारची फी बहुतेक वेळा स्टुडिओ भरतो, त्याच्या नव्या सिनेमाची जाहिरात होते ना. दोन मिनिटांच्या भूमिका करणाऱ्यासाठी कुठला स्टुडिओ भरणार? म्हणून २०२० मध्ये डॅनियल डे किम या नटाने पुढाकार घेऊन लोकांकडून वर्गणी गोळा केली, ५५,००० डॉलर हवे होते, आणि चाहत्यांनी ते काही दिवसांत जमवले. १० मे २०२२ ला तारा बसला. स्टुडिओने भरलेल्या पैशापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं, खरंच.

आणि वर्ष बघा. त्याच वर्षी 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स' आला, त्यात मिशेल योच्या कडक वडिलांची भूमिका हाँग यांची. २६ फेब्रुवारी २०२३ ला, चार दिवसांपूर्वीच ९४ पूर्ण झालेले हाँग नटांच्या युनियनच्या पुरस्कार सोहळ्यात अख्ख्या टीमबरोबर स्टेजवर उभे होते. माइक हातात आल्यावर त्यांनी क्लार्क गेबलपासून सुरुवात केली, मग गोरे नट डोळ्यांना चिकटपट्ट्या लावून चिनी व्हायचे ते दिवस सांगितले, आशियाई नटांवर तिकीट खपत नाही म्हणणारे निर्माते सांगितले, आणि आता आमच्याकडे बघा म्हणाले. सगळं सभागृह उभं राहिलं होतं. तो व्हिडिओ बघताना माझे डोळे भरून आले होते.

प्रश्न: त्यांचं काम बघायला कुठून सुरुवात करू?

'साइनफेल्ड' या विनोदी सीरियलचा 'द चायनीज रेस्टॉरंट' हा एपिसोड, मे १९९१ चा, वीस-बावीस मिनिटांचा. तिघं मित्र टेबलाची वाट बघत उभे आहेत आणि हाँग तिथले मॅनेजर. पाच-दहा मिनिटं, एवढंच म्हणत राहतात, दर वेळी तितक्याच प्रसन्नपणे. माणूस लबाड आहे का भोळा हे शेवटपर्यंत कळू देत नाहीत. मधे त्या तिघांतल्या जॉर्ज कॉस्टॅन्झासाठी आलेला फोन ते भलत्याच नावाने, कार्टराइट, कार्टराइट अशी हाक मारून, कुणी आलं नाही म्हणून ठेवून देतात आणि नंतर जॉर्जला ते जसंच्या तसं करून दाखवतात, त्यात जराही अपराधीपणा नाही.

मग 'ब्लेड रनर', मग 'चायनाटाउन', आणि नवीन काही हवं असेल तर मिशेल यो वाला. पण आधी साइनफेल्डच. आणि कंटाळून ते तिघं निघून गेले की लगेच बंद करू नका, रिकाम्या जागेकडे बघून हाँग नाव पुकारतात, "साइनफेल्ड, चार!"